दिला तरच चालणारा भाला

त्या रविवारी अप्पांनी चहा यायच्या आत डोंगरराक्षस मारला आणि हेमांगीची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

चूक तिच्या कुऱ्हाडीची होती. कुऱ्हाडीवर तिने मंत्र घातला होता, की धरणारा जितकं खोटं बोलेल तितकं पातं धारदार होईल. तिचा अंदाज असा होता की खेळणारे जपून बोलतील, कारण खोटं बोललं की खेळातल्या गावकऱ्यांचा विश्वास उडतो. पण कुऱ्हाड गेली अप्पांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या हातात. अप्पा खऱ्या आयुष्यात भूमापन खात्यातून निवृत्त झालेले सरळमार्गी गृहस्थ आणि खेळात अट्टल चोर. ते खुर्चीत रेलले आणि सुटलेच.

"मी रोज पहाटे पोहायला जातो. मला कारल्याची भाजी फार आवडते. तुझी आई मला आयुष्यात कधी रागावली नाही."

पातं इतकं धारदार झालं की एका घावात राक्षसाचे दोन तुकडे झाले. मागच्या डोंगराचेही झाले.

"नियमात बसतं," अप्पा म्हणाले.

"बसतं," हेमांगी म्हणाली आणि गॅसवर आधण ठेवायला उठली.

नाशिकमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सात वर्षं दर रविवारी दुपारी हा खेळ चालायचा. एक टेबल, मूठभर फासे आणि चार माणसं. हेमांगी टिपणीस सूत्रधार. धुकेरी नावाचं एक राज्य तिने कल्पनेतून उभं केलं होतं आणि तिथले राजे, राक्षस, हलवाई, पहारेकरी सगळ्यांचे आवाज तीच काढायची. बाकीचे तिघे एकेका वीराचं सोंग घेऊन त्या राज्यात हिंडायचे. आपण काय करणार ते ते सांगायचे आणि जमलं की नाही ते फासा ठरवायचा. असे खेळ बाजारात तयार मिळत. पण हेमांगीच्या धुकेरीतलं एकही हत्यार विकतचं नव्हतं. एका फरसाणाच्या कारखान्यात ती खोक्यांचे आकार आणि चित्रं ठरवायची, आणि उरलेल्या वेळात हत्यारांवर घालायचे मंत्र.

चांगला मंत्र जमवणं अवघड असतं. 'ही तलवार दुप्पट जोरात लागते' हा मंत्रच नव्हे, ती नुसती बेरीज. मंत्र असा हवा की हत्यार हातात आल्यावर माणसाला विचार करावा लागेल. आणि तो जरासा जास्त झाला, की अप्पांसारखा कुणीतरी डोंगर कापून मोकळा होतो.

"तू पारख का वापरत नाहीस?" फरझानाने विचारलं. फरझाना पठाण कौटुंबिक न्यायालयात वकिली करायची आणि खेळात सगळ्यांत पुढे धावणारी लढवय्यी असायची. "आमच्याकडे तडजोडीचे मसुदे हल्ली त्यातून काढून बघतात. दोन्ही बाजू काय म्हणतील ते आधीच कळतं."

पारख नावाच्या त्या यंत्राचं काम समजायला सोपं होतं. घरातल्या माणसांना आपण ओळखतो ते कसं? हॉटेलात काका मेनूकार्ड पुढून मागून वाचतात आणि शेवटी मसाला डोसाच मागवतात, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. काकांच्या मनात शिरून ते कळलेलं नसतं, शंभरदा पाहून कळलेलं असतं. पारख तेच करायची. हेमांगीकडे सात वर्षांच्या खेळांचं ध्वनिमुद्रण होतं. कोणी कुठल्या प्रसंगात काय निवडलं, निवडण्याआधी किती थांबलं, कुणाशी बोलताना आवाज कसा बदलला, हे सगळं त्यातून वेचून पारख प्रत्येक माणसाचा एक गणिती नमुना बांधायची. त्याला छाया म्हणत. छायेला मन नव्हतं. आपण कोण आहोत हेही तिला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच येत होतं, की असा प्रसंग आला तर हे माणूस बहुधा असं वागेल. मग तिन्ही छायांना एका टेबलाशी बसवायचं, हातात नवं हत्यार द्यायचं, आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत पारख हजारो डाव खेळून दाखवायची.

सगळ्यांनी हौसेने परवानगी दिली. "माझी छाया कर," फरझाना म्हणाली, "फक्त तिला माझ्या नवऱ्याच्या बाजूने साक्षीला उभी करू नकोस."

तिसरे खेळाडू डॉक्टर विश्राम गायधनी नुसते हसून "करा" म्हणाले. ते जनावरांचे डॉक्टर. सात वर्षांपूर्वी हेमांगीच्या मांजरीने चार बाजूंचा फासा गिळला, तेव्हा ती मांजर घेऊन त्यांच्याकडे धावली होती. तीन दिवसांनी फासा स्वच्छ धुऊन, डबीत घालून ते परत द्यायला आले, हा कशासाठी असतो असं त्यांनी विचारलं आणि टेबलाशी बसले ते कायमचे. खेळात ते एक मितभाषी साधू होते, जखमी लोकांना बरं करणारे. खऱ्या आयुष्यातही फार बोलायचे नाहीत. वयाने दोघं बरोबरीची, पण सुरुवातीची अहो-जाहो तशीच राहून गेली होती.

पारख आली आणि हेमांगीचे मंत्र झळाळू लागले. तिने उसनवारी धनुष्य केलं. त्याचा बाण हमखास लागतो, पण तेवढं नशीब पुढच्या सोबत्याच्या फाशातून वजा होतं, त्यामुळे बाण सोडण्याआधी मित्राच्या तोंडाकडे बघावं लागतं. तिने लाजरी ढाल केली, कुणी पाहत नसेल तरच अडवणारी. ती हातात असताना फरझाना भर लढाईत "सगळ्यांनी डोळे मिटा!" म्हणून ओरडायची आणि खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहायचे.

या हत्यारांची कीर्ती पुण्याच्या एका खेळ-प्रकाशकापर्यंत गेली. त्यांना तिच्या हत्यारांचं पुस्तक काढायचं होतं. सोबत तिघांच्या छायाही हव्या होत्या, म्हणजे विकत घेणाऱ्याला घरबसल्या हत्यारं तपासून बघता येतील. हेमांगी दोन दिवस हवेत होती. पुस्तकासाठी शेवटचं एकच हत्यार बाकी होतं, आणि ते तिला सगळ्यांत सुंदर करायचं होतं.

तिने भाला केला. मंत्र असा, की हा भाला जिंकून, विकत घेऊन किंवा चोरून चालत नाही. कुणीतरी आपण होऊन दिला, तरच तो ज्याला दिला त्याच्या हातात जागा होतो.

सोमवारी संध्याकाळी तिने तो पारखेत घातला आणि डबा उघडून शंकरपाळे खात बसली. अप्पांच्या छायेने भाला प्रत्येक डावात चोरला, तो चालला नाही, तरी पुढच्या डावात पुन्हा चोरला. फरझानाच्या छायेने तो अटी घालून दिला. आणि डॉक्टरांच्या छायेने तो रेवाला दिला.

रेवा ही धुकेरीच्या नदीवरची नावाडीण. लढाईशी तिचा काही संबंध नव्हता. पैलतीरी जायचं असलं की भेटायची, दोन वाक्यं बोलायची, वल्ही मारायची. तिला भाला देणं म्हणजे भाला वाया घालवणं. पण डॉक्टरांची छाया जवळजवळ प्रत्येक डावात नदीवर जाऊन तिलाच भाला देत होती.

हेमांगीला वाटलं, मंत्रात काहीतरी चुकलंय. तिने भाल्याची तलवार केली. छायेने तलवार रेवाला दिली. कंदील केला, कंदील दिला. वैतागून तिने एक लाकडी पळी केली, जिच्यात काहीही जादू नव्हती. छायेने पळी नेऊन दिली. मग तिने रेवाला नदीवरून उचललं आणि दोन डोंगरांपलीकडे नेऊन बसवलं. छाया दोन डोंगर ओलांडून गेली.

आता तिला गंमत वाटू लागली. तिने एकेक गोष्ट बदलून बघितली. रेवाचं नाव बदललं, काही फरक पडला नाही. रेवाच्या जागी एक दाढीवाला लोहार ठेवला. छायेने पळी लोहाराला दिली. मग लोहार तोच ठेवून फक्त आवाज बदलला. इतके दिवस पारख सगळ्या पात्रांना सूत्रधाराचा, म्हणजे हेमांगीचा आवाज देत होती, आणि या डावांत तिघांखेरीज बोलणारं पात्र हे एकच होतं. या वेळी तिने यंत्राचा सपाट आवाज लावला. छाया लोहाराजवळून सरळ निघून गेली. पुन्हा स्वतःचा आवाज लावला. छाया थांबली आणि पळी पुढे केली.

हेमांगीच्या हातातला शंकरपाळा तसाच राहिला.

ती उठली. स्वयंपाकघरात गेली, कशाला आलो ते न आठवून परत आली. पडद्यावर लोहाराच्या हातात पळी होती. तिला एकदम हसू फुटलं. मग हसू गेलं आणि कान तापले. लग्न मोडून बारा वर्षं झाली होती. या नजरेने आपल्याकडे कुणी बघत असेल असा विचारच तिने बंद करून टाकला होता. आणि इथे कुणीतरी दोन डोंगर चढून लाकडी पळी आणत होतं.

"तुला आनंद झालाय," फरझाना फोनवर म्हणाली.

"झालाय. आणि चोरी केल्यासारखंही वाटतंय. त्यांनी मला काहीच सांगितलेलं नाही गं. त्यांच्या छायेने सांगितलं."

"माझ्या न्यायाधीशांपुढे हा पुरावा एक मिनिट टिकणार नाही. ते सोड. तुझं काय? तुला काय वाटतं त्याच्याबद्दल?"

हेमांगी आठवून बघू लागली. रविवारी सकाळी आपण टेबल पुसताना त्यांची खुर्ची खिडकीकडे ओढतो, कारण त्यांना उजेडात बसायला आवडतं. पण उजेडात बसायला अप्पांनाही आवडायचं. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, यंत्रालाच विचारून बघू. आपलीही छाया करू. मग दोन्ही छायांना समोरासमोर बसवू आणि पुढे काय होतं ते हजारदा पाहून घेऊ. वाईट होणार असेल तर आत्ताच कळेल.

तिने सात वर्षांचे स्वतःचे आवाज पारखेला दिले. पारखेने बराच वेळ घेतला आणि कळवलं, की छाया बनत नाही. या व्यक्तीने आजवर स्वतःसाठी काही निवडलेलं नाही. प्रत्येक निवड इतर खेळाडूंना रंगत यावी म्हणून केलेली आहे. स्वतःची पसंती काढण्याइतकी माहिती उपलब्ध नाही.

तिने ते दोनदा वाचलं आणि यंत्र बंद केलं.

मंगळवारी ती डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. ते एका शेळीवर वाकले होते. शेळीच्या गळ्यातला पट्टा तिचा ताप, नाडी आणि रवंथ सगळं मोठ्याने सांगत होता आणि त्याकडे लक्ष न देता डॉक्टर तिचं पोट हाताने चाचपत होते.

"डॉक्टर, मला तुम्हाला काही सांगायचंय. ते तुमचं आहे, पण माझ्या हाती लागलंय."

"आधी मागचे पाय धरा," ते म्हणाले.

तिने शेळीचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. भाला, कंदील, लोहार, आवाज. डॉक्टरांनी सुई टोचली, काढली, कापूस दाबून धरला.

"पळीसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"पळीसुद्धा. दोन डोंगर ओलांडून."

ते हसले. मग त्यांचं हसू ओसरलं. "मला माहीत नव्हतं असं म्हणालो तर खोटं ठरेल. पण मी ते मनातसुद्धा कधी पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं. म्हणेन कधीतरी, असं होतं. आता माझ्याआधी दुसरंच कुणीतरी म्हणून बसलं."

"मी छाया पुसून टाकते."

"छाया पुसाल. तुम्हाला कळलंय ते कसं पुसणार?"

शेळी ओरडली. हेमांगीने पाय सोडले. सांगायचं तर पूर्ण सांगावं म्हणून तिने स्वतःच्या छायेची गोष्टही सांगितली आणि पारखेचा निरोप शब्दन् शब्द ऐकवला. डॉक्टर हात धुता धुता थांबून ऐकत राहिले.

"मला थोडे दिवस द्या, हेमांगी," ते म्हणाले. "रागावलो नाहीये. पण आता मी जे बोलेन ते मी बोलतोय की ती छाया, हे मला तरी कळायला हवं."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. फरझाना आणि अप्पा खेळले, पण खेळ रंगला नाही. वीर नदीवर पोचले आणि हेमांगीने रेवाच्या आवाजात विचारलं, "पलीकडे जायचंय का?" एरवी याला डॉक्टर उत्तर द्यायचे. आधी थोडे थांबायचे, मग म्हणायचे, "तुला वेळ असेल तर." या वेळी फरझानाची लढवय्यी नुसती उडी मारून नावेत बसली. हेमांगीला कळलं, की सात वर्षं दर रविवारी ती हे वाक्य ऐकायला नदी मध्ये आणत होती. काही वेळा तर नकाशात नसतानाही आणली होती.

सोमवारी तिने प्रकाशकाला कळवलं, की हत्यारं माझी आहेत, ती घ्या. छाया माझ्या नाहीत, त्या मिळणार नाहीत. पुस्तक पातळ होईल अशी कुरकुर करून ते तयार झाले. डॉक्टरांची आणि फरझानाची छाया तिने पुसली. अप्पांनी मात्र स्वतःची राखून ठेवायला सांगितली. "ती माझ्यापेक्षा हुशारीने चोरते," ते म्हणाले. "मला शिकायचंय तिच्याकडून."

त्याच्या पुढच्या रविवारी दारावरची घंटा वाजली. दारात डॉक्टर होते, काखेत पुठ्ठ्याची गुंडाळी आणि खिशातून डोकावणाऱ्या रंगीत पेन्सिली.

"आज सूत्रधार मी," ते आत येत म्हणाले. "तुम्ही खेळायचं."

"मी?"

"तुम्ही. स्वतःसाठी. एक वीर निवडा."

हेमांगीने आजवर शेकडो पात्रं उभी केली होती, पण एक निवडायला तिला अर्धा तास लागला. शेवटी तिने मधमाश्या पाळणारी एक योद्धी निवडली, कारण तिला लहानपणापासून मधमाश्यांचं कौतुक होतं आणि हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर अत्यंत वाईट सूत्रधार निघाले. राजाचं नाव विसरले. पहारेकऱ्याचा आणि राजकन्येचा आवाज एकच काढला. पण राक्षस आला तेव्हा ते रंगात आले. "उंची तीन मजले. चार पोटं. खुरं फाटलेली, म्हणून चिडचिडा. डाव्या मूत्रपिंडाला किंचित सूज."

"औषध द्या की मग त्याला," अप्पा म्हणाले, आणि राक्षसाने त्यांचा चोर गिळला.

डॉक्टरांनी हेमांगीपुढे पुठ्ठ्याचा एक कोयता ठेवला. त्यावर पेन्सिलीने वाकडीतिकडी नक्षी होती. "हा मी केलाय. मंत्र असा, की घाव घालण्याआधी धरणारीने तिला स्वतःला काय हवंय ते मोठ्याने सांगायचं. ते किती खरं आणि किती तिचं स्वतःचं, हे टेबल ठरवणार. तितके फासे तिला मिळणार. जास्तीत जास्त सहा."

"तपासून बघितलात?"

"नाही. भीती वाटत होती. मग म्हटलं, असू दे भीती."

हेमांगीने कोयता उचलला. "सगळ्यांना मजा यावी असं मला वाटतं."

"हे स्वतःचं नाही," फरझाना म्हणाली. "शून्य."

घाव हुकला. राक्षसाने फरझानाची लढवय्यी शेपटीने उडवून दिली.

"मला बटाटेवडे हवेत."

"एक."

"दर रविवारी चहा मीच का करायचा? मला आयता चहा हवाय."

"तीन!" फरझाना टेबलावर हात आपटून म्हणाली. राक्षसाच्या खांद्याला जखम झाली. पोटात गेलेले अप्पा, आता आपल्याला इथे काही काम नाही म्हणत, उठून स्वयंपाकघरात गेले.

राक्षस हेमांगीकडे वळला. तिने वर पाहिलं. सूत्रधाराचे कागद झाकायला उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या वरून डॉक्टरांचे फक्त डोळे दिसत होते. ते थांबले होते. कुठलंही यंत्र काही मोजत नव्हतं आणि पुढे काय होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ते तिला आवडलं.

"मला तुम्ही हवे आहात, डॉक्टर."

स्वयंपाकघरातला कपांचा आवाज थांबला. फरझानाने घसा साफ केला. "पाच."

"पाचच?"

"'तुम्ही' म्हणालीस. 'डॉक्टर' म्हणालीस. मी वकील आहे, मला शब्द धरावे लागतात."

हेमांगी हसली. मग हसू आवरून म्हणाली, "विश्राम, मला तू हवा आहेस."

सहावा फासा फरझानाने स्वतः उचलून तिच्या हातात दिला. विश्रामने समोरचा पुठ्ठा आडवा केला. त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. हेमांगीने सहाही फासे ओंजळीत खुळखुळवले आणि टाकले.

एक. एक. दोन. एक. दोन. एक.

"अरे देवा," फरझाना म्हणाली.

"त्याला बहुतेक गुदगुल्या झाल्या," विश्राम म्हणाला. "आणि नियमाप्रमाणे आता पाळी त्याची."

"गिळतो?"

"गिळतो. तुम्हा दोघींनाही."

फरझाना इतकी हसली की तिची खुर्ची मागे गेली. अप्पा ट्रे घेऊन बाहेर आले. सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाले, "या, या. मी केव्हाचा आत बसलोय. जागा ऐसपैस आहे."

विश्रामने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "सूत्रधाराला आत येता येतं का?" त्याने हेमांगीला विचारलं. "तुला माहीत असेल."

"मला कुठून माहीत असणार? मी आजवर कधी गेले नाही," हेमांगी म्हणाली आणि शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढली. "ये. बघू काय होतं ते."